डेंगळ्यांचे पराग आणि फवारणीची घाई

आरमकाठच्या सटाणा परिसरात माघ-फाल्गुनाच्या सुमारास कांद्याच्या डेंगळ्यांचे पांढरे गोंडे उमलू लागतात, तेव्हा पुढच्या सालच्या उळ्यांचा हिशेब मनाशी मांडणारा शेतकरी त्यांच्याकडे मोठ्या आशेने पाहतो. मात्र त्या शेकडो इवल्या फुलांच्या प्रत्येकी सहा परागकोशांत जी कारागिरी त्याआधीच पार पडलेली असते, तिची वार्ता त्याच्या कानी क्वचितच जाते.

परागकोशातील मातृपेशीचे अर्धसूत्री विभाजन होऊन चार पेशी निपजतात आणि त्या चौघी काही काळ कॅलोज नावाच्या वेष्टनात जणू नजरकैदेत राहतात. याच बंदिवासात भावी कवचाचा आराखडा उमटतो: कोठे जाड, कोठे पातळ, आणि कांद्याच्या परागाला एकच लांबट चीर. मग कोशाच्या आतील पोषक पेशींचा थर, ज्याला शास्त्रज्ञ टॅपेटम म्हणतात, विकर सोडून ते वेष्टन विरघळवितो, सुट्या कणांना स्पोरोपोलेनिन या कवचद्रव्याच्या घडणीचा मालमसाला पुरवितो आणि अखेर स्वतः विरून जाताना आपला तेलकट अंश त्यांच्या कवचावर लेप म्हणून ठेवून जातो. आतले मऊ आवरण कण स्वतः विणतो. बाहेरचे चिलखत मात्र बहुतांशी मातृवनस्पतीची देणगी. (हा कारखानाच बंद पडलेला, नर-वंध्य कांदा १९२५ साली कॅलिफोर्नियात सापडला आणि त्यावर संकरित बियाण्याचा व्यापार उभा राहिला, हेही मौजेचेच.)

हे कवच उकळत्या आम्लालाही दाद देत नाही, गाळात लक्षावधी वर्षे टिकते. परंतु आतला जीव अल्पायुषी, आणि कांद्याच्या फुलात पराग आधी झडून कुक्षी मागाहून सज्ज होत असल्यामुळे मधमाश्यांसारख्या कीटकांवाचून त्याला तरणोपाय नाही. तो तेलकट लेप त्यांच्या अंगाला चिकटण्यासाठीच तर असतो.

असे असता फुलकिड्यांच्या धास्तीने ऐन फुलोऱ्यात भर सकाळी जहाल औषध मारणे, हे माझ्या मते स्वतःच्याच बियाण्यावर जप्ती आणणे होय. गारपिटीचा पंचनामा होतो, नुकसान दप्तरी चढते. मधमाश्यांअभावी पोचट राहिलेल्या बोंडांचा पंचनामा कोणता तलाठी करणार? किडीचा बंदोबस्त फुले उमलण्यापूर्वीच करावा, आणि पुढे नाइलाजच झाला तर मधमाश्या परतल्यावर, सांजवेळी, सौम्य औषधाने; एवढी ताकीद कृषी खात्याने औषधांच्या प्रत्येक दुकानावर ठळक अक्षरांत लावावी, आणि ती लागेपर्यंत बांधाशेजारच्याला आपणच गाठून सांगावे, कारण त्याच्या पंपातला फवारा आपल्या डेंगळ्यांवर येणाऱ्या मधमाश्याही मारतो.