एक लाख वीस हजारांची रेषा

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

यंदा आम्हांला आयकर हा विषय आहे. एके दिवशी सरांनी फळ्यावर एक उदाहरण सोडवून दाखविले. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या वर्षापासून बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. मग एखाद्याचे उत्पन्न १२,१०,००० रुपये झाले तर? दरांप्रमाणे त्याचा कर ६१,५०० रुपये होतो. म्हणजे दहा हजार जास्त मिळविले म्हणून साडेएकसष्ट हजार घालवायचे! असे होऊ नये म्हणून कायद्यातच सोय आहे. मर्यादेच्या वर त्याने जेवढे मिळविले, त्याहून अधिक कर त्याच्याकडून घेत नाहीत. उपकर सोडला तर तो दहा हजारच भरतो.

वर्गाने गणित उतरवून घेतले. माझे मन मात्र २०२४ सालच्या नोव्हेंबरात, एका दवाखान्याच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

वडगावात दोन यंत्रमागांवर आमचे घर चालते. तिसरा माग घ्यावा म्हणून बाबांनी बँकेकडे कर्ज मागितले, तेव्हा बँकेने आयकराचे रिटर्न आणायला सांगितले. मी नुकताच कॉमर्सला गेलेला. मी म्हटले, बाहेर कशाला पैसे द्यायचे, मीच भरतो. वर्षाचे उत्पन्न दाखविले १,४४,००० रुपये, कर शून्य. आमच्या घरात रिटर्न भरणारा मी पहिलाच, आणि मला त्याचा कोण अभिमान!

पुढे नोव्हेंबरात राज्यभर बीपीएल कार्डांची छाननी झाली. त्याच दिवसांत एका पहाटे बाबांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात आरोग्यमित्र ताईंनी रेशनकार्डाचा नंबर यंत्रात घातला आणि म्हणाल्या, "कार्ड एपीएल आगिदे." बाबांना कानडी बोलणे समजते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला ते वाक्य मराठीत सांगवेना.

या दोन इंग्रजी अक्षरगटांमधला फरक केवढा आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. केंद्राची आयुष्मान भारत आणि राज्याची आरोग्य कर्नाटक या योजना २०१८ साली एक झाल्या. त्यात बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. इतरांना सरकार ठरलेल्या दराच्या ३० टक्के देते, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. उरलेले ७० टक्के रुग्णाने भरायचे. आमच्या वाट्याला पंचेचाळीस हजारांच्या वरचा आकडा आला. आईच्या पाटल्या सोसायटीत गहाण पडल्या. बाबा वाचले, हे आमचे भाग्य. काही दिवसांनी सरकारने करदाते आणि सरकारी नोकर सोडून बाकीच्यांची कार्डे परत देण्याचे जाहीर केले. आमचेही कार्ड परत आले. पाटल्या अजून आलेल्या नाहीत.

कोणी म्हणेल, नियम तो नियम. मान्य. बीपीएलची मर्यादा वर्षाला १,२०,००० रुपये आहे आणि आम्ही कागदावर तिच्या २४,००० रुपये वर होतो. पण ही मर्यादा म्हणजे महिन्याला दहा हजार, आणि तेही सगळ्या कुटुंबाचे मिळून! राज्यात बऱ्याच धंद्यांत सरकारनेच ठरविलेले किमान वेतन याहून जास्त आहे. म्हणजे एका माणसाला कायद्याप्रमाणे पगार मिळाला की सारे घर 'गरीब' या सदरातून बाहेर. मग मालक कायदा पाळत नाही तोच मजूर दवाखान्यासाठी पात्र, असे समजायचे काय?

माझा मुख्य आक्षेप निराळाच आहे. ही रेषा मुळात रेशनसाठी आखलेली आहे. तांदळाची गरज दरमहा ठरलेली असते. कार्ड गेले तर महिन्याचा खर्च काही शेकड्यांनी वाढतो, आणि घर ते कसेबसे सोसते. आजार सांगून येत नाही, आणि आला म्हणजे वर्षाची कमाई एका आठवड्यात मागतो. शिवाय पात्रता पाहतात ती गेल्या वर्षीच्या उत्पन्नावर, आणि आजार येतो या वर्षी. बाबा खाटेवर पडले त्या दिवसापासून आमचे माग बंद होते. त्या महिन्यात आमच्याइतके गरीब कोण होते? पण यंत्रात मात्र आम्ही १,४४,००० वाले.

खोटी बीपीएल कार्डे काढणारे आहेत, हे मी नाकारीत नाही. दारात मोटार आणि खिशात बीपीएल कार्ड असलेली माणसे मीही पाहिली आहेत. त्यांना वगळलेच पाहिजे. परंतु मोटारवाल्याला पकडण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात मागवालाच सापडावा, हे काही शहाणपणाचे नाही.

मग उपाय काय? एक उपाय शेजारीच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले, तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादात मी शिरत नाही. आजारी माणसाला भाषेवरून कोणीच काही विचारू नये, एवढेच म्हणतो. पण त्याच वर्षी त्या राज्याने ही योजना उत्पन्न न पाहता आपल्या सर्व रहिवाशांना खुली करण्याचा निर्णय घेतला, ही गोष्ट त्या गलबल्यात मागे पडली. केंद्रानेही २०२४ साली सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारतमध्ये घेतले. म्हणजे रेषा पुसता येते.

आणि पुसणे परवडत नसेल, तर निदान फळ्यावरचे ते गणित दवाखान्यालाही लावावे. मर्यादेच्या वर जेवढे उत्पन्न, त्याहून अधिक बिल त्या वर्षी कुटुंबावर पडू नये. या हिशेबाने आम्ही फार तर २४,००० भरले असते, आणि आनंदाने भरले असते. बारा लाखांवाल्याला जो न्याय लागू आहे, तोच सव्वा लाखवाल्याला का नको?

आता गल्लीतले लोक रिटर्न भरायला माझ्याकडे येतात. मी आधी रेशनकार्ड कोणते ते विचारतो. बीपीएल असले तर माझी जीभ अडखळते. 'भरा' म्हणावे, तर त्यांचे दवाखान्याचे दार बंद होण्याची भीती. 'भरू नका' म्हणावे, तर बँकेचे दार बंद. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने माणसांना हिशेब लपविण्याचा सल्ला द्यावा काय? मित्रहो, आपल्यापैकी कोणी उद्या बँकेत, कोणी तहसीलदार कचेरीत, कोणी विधानसौधात बसेल. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर तुमच्या टेबलावर असेल. आज ते माझ्यापाशी नाही.