अर्धा तुरुंग कुणाला, पुरा कुणाला?

सजा देताना न्यायाधीश दिवस मोजतो. घर काय मोजतं?

आमच्या खात्यातला एक बदलीवाला पंधरा दिवस आत गेला. बाहेर आला तर बदली दुसऱ्याला गेलेली, खोलीचं भाडं थकलेलं, पोरगी शाळेतनं काढलेली. सजा त्याला पंधरा दिवसांची. घरानं भोगली वर्षभर. हा हिशोब कुठल्या निकालपत्रात लिहितात?

कॅनडात कायदा आहे : ९० दिवसांपर्यंतची सजा तुकड्यातुकड्यानं भोगता येते. शनिवार-रविवार आत, बाकीचे दिवस कामावर, कोर्टाच्या अटी पाळून. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्समध्ये आठवड्याला दोन दिवसांचा असा तुरुंग १९७१ पासून २०१० पर्यंत चालला. खाडा नाही, पगार तुटत नाही, चूल विझत नाही. मी याच्या बाजूचा आहे.

पण मेख ओळखा. इथं हे आलं की पहिला सवाल येणार : नोकरी आहे का? पत्ता काय? दोन्ही असेल त्याला अर्धा तुरुंग. नाक्यावर उभा राहणारा, फुटपाथवर झोपणारा, त्याला पुरा. म्हणजे सवलतसुद्धा पोट भरलेल्यालाच!

आणि आपल्याकडं तर सजेच्या आधीच तुरुंग. २०२२ अखेरचे सरकारी आकडे बघा : देशातल्या दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी. गुन्हा शाबित नाही. कित्येकांकडं जामिनाला पैसा नाही, एवढंच. सजाच झाली नाही तर तुकडे कशाचे करणार?

१ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली पहिली चोरी असेल आणि माल परत केला, तर समाजसेवेची सजा आहे. ठीक. पण कुणाच्या हाती झाडू आणि कुणाच्या हाती ग्रंथालयाचं रजिस्टर? तुरुंगात जात बघून काम वाटायची रीत घटनाबाह्य आहे, हे सुप्रीम कोर्टाला ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगावं लागलं. तोवर झाडू कुणाकडं होता, सांगायला पायजे? भिंतीच्या आतली जात भिंतीबाहेरच्या सजेत घुसणार नाही, याची हमी कोण देतो?

तेव्हा नुसत्या टाळ्या वाजवू नका. मागा.

कच्च्या कैद्याची पैशासाठी अडवणूक बंद करा. अर्धा तुरुंग बेकारालाही द्या, बेघरालाही द्या. आणि सजेच्या नावाखाली आमच्या हातात पुन्हा झाडू द्याल, तर तो आम्ही घेणार नाही.