शेजारचं विरजण

डावीकडच्या शून्याला किंमत नसते, असं गुरुजी शिकवीत. साफ चूक! बँकेत चेकचा नंबर सहा आकडी. १२३ च्या आधी तीन शून्यं मांडावीच लागतात. हेच काम संगणकाकडून करून घ्यायचं, तर १९९५ साली जन्मलेल्या जावास्क्रिप्ट या भाषेच्या घरात त्याची सोयच नव्हती. एका भल्या माणसानं 'लेफ्ट-पॅड' नावाच्या अकरा ओळी लिहून सार्वजनिक भांडारात ठेवल्या. जो तो तिथून उसन्या नेऊ लागला. मार्च २०१६ मध्ये तो भलत्याच भांडणात रागावला, ओळी काढून घेतल्या, आणि हजारो प्रोग्रॅम अडून बसले. शेजारीण माहेरी गेली म्हणून अख्ख्या चाळीत दही लागू नये, तशातली गत!

शहाणे म्हणतात, 'फुटकळ गोष्टी घेत बसलो तर भाषा फुगेल. एकदा घेतलेलं काढताही येत नाही.' अहो, घर फुगतं ते अडगळीनं, वाटीभर विरजणानं नव्हे! रोज लागतं ते घरातच हवं. शेवटी २०१७ साली 'पॅडस्टार्ट' भाषेत आलंच. बुडाली का भाषा? फक्त बावीस वर्षं लागली. आमच्या बँकेत टाचण्यांची डबीसुद्धा याहून लवकर मंजूर होते, हे मी अभिमानानं नमूद करतो.