ट्रंकेतले कागद आणि आपली बेफिकिरी

मराठी मुसलमानांचा इतिहास कुणी लिहिला नाही, ही तक्रार १९९० च्या सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापासून आम्ही करीत आलो आहोत. तक्रार खरीच आहे. बखरींत मुसलमान येतो तो सरदार म्हणून, नाहीतर शत्रू म्हणून. अत्तार, मणियार, बागवान, कोकणातला खलाशी तिथे सापडत नाही. तो सापडतो घरच्या कागदांत. आणि त्या कागदांचे समाजात काय होते?

आजोबा वारले की ट्रंक उघडते. खरेदीखत, उतारा, निकाहनामा तेवढा बाजूला निघतो. आखातातून आलेली पत्रे, उधारीच्या वह्या, आहेराच्या याद्या, अम्मीने सासरी लिहिलेल्या चिठ्ठ्या, हे सगळे रद्दीत. पत्राच्या माथ्यावर ७८६ असेल तर बेअदबी नको म्हणून ते नदीत किंवा विहिरीत ‘ठंडे’ केले जाते. अल्लाहच्या नावाचा अदब हवाच. पण अदब म्हणजे बुडवणेच का? जुजदानात बांधून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवणे, हा अदब नव्हे का?

१८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झालेल्या बद्रुद्दीन तय्यबजींच्या कुटुंबात ‘अखबार’च्या वह्या असत. घरातली माणसे, बायकासुद्धा, त्यांत उर्दूतून लिहीत. त्या टिकल्या म्हणून त्या घरातल्या बायका आज आपल्याशी बोलतात. ‘ते श्रीमंत होते’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. वही जपायला हवेली लागत नाही.

२०१९ मध्ये आसामात १९ लाखांहून अधिक माणसे नागरिकांच्या यादीबाहेर राहिली, तेव्हा आपल्याकडेही ट्रंका धुंडाळल्या गेल्या. शोधले काय, तर जन्मदाखले! आजा इथलाच होता हे शिक्का सांगेल. तो दुष्काळात कुणाच्या दारी उभा राहिला, मुलीच्या शिक्षणासाठी कुणाशी भांडला, हे पत्रच सांगेल.

आजोबांची मोडी, अब्बांची उर्दू, नातवाची इंग्रजी. एकाच ट्रंकेत तीन लिप्या आणि तिन्ही वाचणारा कुणी नाही. म्हणून वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून वाचून घ्या. कुणी, कुणाला, कधी लिहिले ते वेगळ्या कागदावर नोंदवा. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको. मोबाइलवर फोटो काढा, पण मूळ कागद फेकू नका.

आणि आमच्या संमेलनांनीही हारतुऱ्यांचा खर्च थोडा आवरावा. मंडपात एक टेबल ठेवावे, मोडी आणि उर्दू जाणणारा माणूस बसवावा, लोकांना घरचे कागद घेऊन बोलवावे. हे जमणार नसेल, तर इतिहासकारांवर ठपका ठेवणारे ठरावही करू नयेत.