गाडीचा पंखा केव्हा फिरतो?

आपल्या वस्तीतले कितीतरी तरुण टॅक्सी चालवून संसार ओढतात. त्यांच्यासाठी आज आम्ही इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्याविषयी लिहीत आहोत.

जुन्या गाड्यांत हा पंखा बेल्टवर फिरे. इंजिन चालू तर पंखाही चालू. आताच्या बहुतेक कारमध्ये त्याला विजेची मोटर असते. इंजिनाच्या पाण्यात बसवलेला सेन्सर उष्णता ओळखतो. पाणी तापले की त्याचा विद्युतरोध घटतो. त्यावरून कंट्रोल युनिट साधारण ९५ ते १०० अंशांवर रिले जोडून पंखा सुरू करते. पाणी काही अंश निवले की बंद करते. गाडी वेगात असली की वाराच पुरतो. सिग्नलला उभी राहिली की पंख्याची गरज पडते. एसी लावला तरी तो फिरतो.

आमचे सांगणे एवढेच : काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा एकाएकी फिरू लागतो. बॅटरीची तार काढल्याशिवाय त्यात हात घालू नका. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. दाबातले पाणी उसळून तोंड भाजते. काटा लाल खुणेकडे सरकला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. एक भाडे बुडेल, पण इंजिन वाचेल आणि घरची चूलही.