पाठिंब्याआधी लेखी घ्या

निवडणूक आली की समाजाच्या बैठकीत एकच विषय निघतो : यंदा पाठिंबा कोणाला? कोणी उमेदवार सभामंडपाचे आश्वासन देतो, हारतुरे होतात आणि पाठिंबा जाहीर होतो. पुढची पाच वर्षे हिशेब विचारणारे कोणी नसते. ही रीत बदलावी असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील परंपरावादी दबावगट याबाबतीत पक्के आहेत. 1964 साली स्थापन झालेली अमेरिकन कन्झर्व्हेटिव्ह युनियन 1971 पासून खासदारांना त्यांच्या मतदानावरून शंभरपैकी गुण देत आली. ग्रोव्हर नॉर्क्विस्ट यांची ‘अमेरिकन्स फॉर टॅक्स रिफॉर्म’ उमेदवारांकडून करवाढीविरुद्ध लेखी वचन घेते. थोरल्या बुश यांनी 1988 मध्ये नवे कर न लावण्याचा शब्द दिला आणि 1990 मध्ये मोडला. 1992 मध्ये त्यांना स्वपक्षातूनच आव्हान मिळाले, पुढे अध्यक्षपदही गेले. या गटांची मते पटोत न पटोत, त्यांची खातेवही घेण्यासारखी आहे. थैलीशहांचा पैसा आणि तडजोडीचे वावडे मात्र तिकडेच राहू द्यावे.

आपल्याजवळचे उदाहरण शेतकरी संघटनेचे. खुल्या बाजाराचा आग्रह धरणाऱ्या शरद जोशींनी रास्त भाव या एका मागणीवर लाखो शेतकरी उभे केले. महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी होती तेव्हा राज्याबाहेर कापूस नेण्याच्या बंदीलाही संघटनेने विरोध केला. कापसाच्या भावातला फरक सीमेवरच्या आपल्या माणसांना सांगायला नको! पण 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला आणि आंदोलनाची गर्दी मतपेटीत उतरली नाही. मागणी करणाऱ्याने उमेदवार होण्याची घाई करू नये, हा त्यातला धडा.

आपल्याकडे अमेरिकेची सही सही नक्कल चालणार नाही. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे आमदाराला पक्षादेशाबाहेर मत देणे अवघड असते. म्हणून नोंद मतदानाची नव्हे, तर सभागृहात विचारलेल्या प्रश्नांची आणि खर्च झालेल्या निधीची ठेवावी.

मागण्या दोनच असाव्यात. मराठी शाळांतील शिक्षकांच्या जागा भराव्यात. कापूस महामंडळाच्या खरेदीत 8 टक्क्यांवर ओलावा गेला की भाव कापतात आणि 12 टक्क्यांवर गेला की माल परत पाठवतात. ते मोजमाप शेतकऱ्यासमोर व्हावे. सर्व पक्षांच्या उमेदवारांकडून यावर सही घ्यावी आणि दरवर्षी जमाखर्च याच पत्रिकेत छापावा. समाजबांधवांनो, सभामंडप वर्गणीतूनही उभा राहील. मत मात्र पाच वर्षांतून एकदाच देता येते.