चिनूकला शेपटीचा पंखा नाही. मग ती किंमत कुठे मोजतो आपण?

चिनूकचा व्हिडिओ आला की खाली कमेंट ठरलेली: "असली शंभर घ्या!" मंडळी, या मशीनच्या प्रेमात मीही आहे. पण शंभर म्हणण्याआधी ते चालतं कसं, एवढं तरी बघू.

साध्या हेलिकॉप्टरचा मोठा पंखा एका दिशेने फिरला की धड उलट्या दिशेने गरगरायला बघतं. त्याला आवरायला शेपटीवर छोटा पंखा लागतो. तो इंजिनाची ताकद खातो, पण वजन उचलत नाही. चिनूकला पुढे एक, मागे एक असे दोन मोठे पंखे, उलटसुलट फिरणारे. एकाचा पीळ दुसरा मारतो, ताकद उचलण्याच्या कामी येते. पालखीला पुढेमागे भोई असतात तसं. ओझं थोडं सरकलं तरी तोल जात नाही. म्हणून ते डोंगरात तोफ लटकवून नेऊ शकतं.

आता दुसरी बाजू. मागच्या पंख्याला पुढच्याने ढवळलेली हवा मिळते, म्हणून तो उंचावर बसवावा लागतो, तरी थोडं नुकसान होतंच. त्यात दोन्ही पंख्यांची वर्तुळं एकमेकांत शिरतात. पाती आपटू नयेत म्हणून गिअरबॉक्स आणि लांब शाफ्टने दोघांना एका तालात बांधलेलं असतं. एक इंजिन बंद पडलं तरी दुसरं दोन्ही पंखे फिरवतं. पण ताल चुकला तर?

6 नोव्हेंबर 1986. स्कॉटलंडच्या शेटलँड बेटांजवळ तेल कामगारांना आणणारं नागरी चिनूक. पुढच्या गिअरबॉक्समधलं एक चाक तुटलं, पाती एकमेकांवर आदळली. 47 पैकी 45 जण गेले.

आपण 2015 मध्ये 15 चिनूकची ऑर्डर दिली, 2019 पासून ती चंदीगडला हवाई दलात दाखल होऊ लागली. निर्णय योग्यच होता, हिमालयात असं मशीन हवंच. पण 2022 मध्ये इंजिनांना आगी लागल्यावर खुद्द अमेरिकी लष्कराने आपली सगळी चिनूक काही काळ उडवली नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: चर्चा नुसती "किती घेतली" यावर नको. सुटे भाग वेळेवर येतात का? तपासणीसाठी हात पुरेसे आहेत का? हे विचारणं म्हणजे सैन्यावर शंका नव्हे. आत बसलेल्या पोरांची काळजी आहे ती.

तुम्हाला काय वाटतं?